चौतीस लंगोट

माझी मुलगी जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे ग्रॅमची होती. पाचव्या महिन्यात बाळाचं वजन दुप्पट व्हावं, असं म्हणतात. माझी लेक सात महिन्यांची झाली तरी चार किलो सातशेवर होती, आणि त्यातही शेवटच्या महिन्यात शंभर ग्रॅम गमावून बसली होती. या काळात ज्या ज्या माणसाने तिला पाहिलं, त्या प्रत्येकाला त्याचं कारण माहीत होतं. कारण मी होते.

आम्ही कोथरूडला एका सोसायटीत राहतो. मी एका सहकारी बँकेत नोकरी करते, नवरा आयटीत आहे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले. सासूबाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या आहेत, त्यामुळे आमच्या घरात कोणाचंही काहीही चुकलं की ते तिथल्या तिथे दुरुस्त होतं. बाळंतपणानंतरच्या सुट्टीत मी दिवसभर त्यांच्या हाताखाली होते. म्हणजे मी रोज दुरुस्त होत होते.

बाळ बघायला येणारी माणसं आधी बाळाकडे बघत, मग माझ्या छातीकडे, मग सासूबाईंकडे. मग सुस्कारा सोडून म्हणत, "दूध पुरत नसेल." एवढं निदान झालं की त्यांना चहा लागे. चहाबरोबर उपाय. एकीने शतावरी सांगितली, एकीने खसखशीची खीर, एका काकांनी (काका इन्शुरन्समध्ये होते) बाजरीची भाकरी आणि लसणीची चटणी सांगितली. सासूबाईंनी अळिवाचे लाडू केले, ते संपले की डिंकाचे केले, ते संपायच्या आत पुन्हा अळिवाचे. मी सगळं खाल्लं. सहा महिन्यांत आमच्या घरात वजन वाढलं ते फक्त माझं. अकरा किलो.

माझी स्वतःची आई नारायण पेठेत राहते. ती तरी माझी बाजू घेईल, अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, "तुझ्या वेळी मला इतकं दूध होतं की शेजारच्या बाळालाही पाजायचे मी. तुमच्या पिढीत काही कसच राहिला नाही." मी म्हटलं, "आई, दूध आहे गं मला." त्यावर ती म्हणाली, "असेल. पण पातळ असेल."

आमची कोथरूडची मुलांची डॉक्टर चांगली होती, म्हणजे दवाखाना चांगला होता. भिंतींवर जिराफ आणि हत्ती, छताला टांगलेले ढग, आणि प्रत्येक वाक्य 'मॉमी'ने सुरू करायची पद्धत. तीन महिन्यांच्या लशीच्या वेळी ती म्हणाली, "मॉमी, प्रत्येक बाळ वेगळं असतं." चौथ्या महिन्यात तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, पण तिने विचारलं, "दिवसातून सहा तरी लंगोट ओले होतात ना?"

"सहा?" मी म्हटलं. "त्याहून कितीतरी जास्त."

"मग उत्तम! म्हणजे दूध पोटात जातंय. युरिन भरपूर म्हणजे काळजी नाही." तिने कागदावर टिक केली.

ही टिक मला अजून आठवते. तिचं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. ज्या बाळाला दूध पुरत नाही ते लघवी कमी करतं, म्हणून डॉक्टर हा प्रश्न विचारतात. कमी होत नाही ना, एवढंच विचारतात. फार होत नाही ना, असं विचारायची वेळ सहसा कोणावर येत नाही.

पाचव्या महिन्यात तिने आम्हाला स्तनपान सल्लागाराकडे पाठवलं. ही एक फार हळू आवाजात बोलणारी बाई होती. तिने मला उशी कशी ठेवायची, बाळ कसं धरायचं, श्वास कसा घ्यायचा हे सगळं शिकवलं. बाळाचा श्वास कसा चाललाय तिकडे बघितलं नाही. तो भरभर चालला होता. मी तसं म्हणालेही. ती हसून म्हणाली, "तुमची धडधड बाळाला कळते. तुम्ही आधी शांत व्हा, मग बघा वजन कसं वाढतं." मी शांत झाले नाही. त्यामुळे वजन न वाढण्याचा दोष पुन्हा माझ्याकडेच राहिला. हे मात्र मी मानते की दोष देण्याची इतकी गोड पद्धत मी आधी पाहिली नव्हती.

मग वरचं दूध सुरू केलं. ते ती निम्मं प्यायची आणि निम्म्याहून जास्त ओकायची. सासूबाई म्हणाल्या, "ओकणारी बाळं बाळसं धरतात." दोन आठवड्यांनी बाळसं कुठे दिसेना, तेव्हा म्हणाल्या, "बाटलीमुळे झालं. अंगावरचं सोडायला नको होतं." शी तीन-तीन दिवस होत नसे. त्यावर गुटीतला हिरडा एक वळसा वाढला. सहाणेवर गुटी उगाळताना सासूबाईंचा चेहरा इतका शास्त्रशुद्ध असे की मला अडवायचा धीर होत नसे. नवऱ्याने या सगळ्याचा एक्सेलमध्ये तक्ता केला होता. कधी पाजलं, किती मिनिटं, किती ओकली, वजन किती. त्याचे रंगीत आलेख काढून तो मला ऑफिसातून पाठवायचा. आलेखाची रेघ कशी आडवी चालली आहे, हे मला घरी बसून बाळाकडे बघूनही कळत होतं.

"तुला काय वाटतं, काय झालं असेल?" मी त्याला एकदा विचारलं.

"डेटा पुरेसा नाहीये," तो म्हणाला.

लंगोटांचं मुद्दाम सांगायला हवं. डायपर सासूबाईंना मान्य नव्हते. डायपरने पाय फेंगडे होतात, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी जुन्या सुती साड्या फाडून पन्नासेक लंगोट शिवले होते. बाळ जन्मल्यावर मला ते पाहून हसू आलं होतं. पाचव्या महिन्यात हसू येईनासं झालं, कारण ते पुरेनासे झाले.

बाळाला अंघोळ घालायला आणि लंगोट धुवायला एक मावशी येत. कोथरूडच्या पलीकडचं, आता शहरात घेतलेलं गाव त्यांचं. त्यांच्या घरच्या शेतावर आता बारा मजली इमारती आहेत. त्यातल्या दोन इमारतींमधल्या बाळांनाही त्याच अंघोळ घालत. बोलायच्या कमी. पायांवर बाळ पालथं घालून तेल चोळता चोळता एकदा म्हणाल्या, "ताई, हिला तहान लई हाय."

"म्हणजे?"

"अंगावर पानी घेतलं की रडं थांबतंय. पंचा चोखती. तांब्याला त्वांड लावती. आता बगा." त्यांनी ओल्या हाताचं बोट तिच्या ओठांजवळ नेलं. लेकीने ते असं धरलं की सुटेना. "दुधाला अशी करती का?"

नाही करत. दुधाला ती तोंड फिरवायची.

"आन् मुततीबी लई. मी इतकी पोरं न्हाऊ घातली, पन असं न्हाई पायलं. ह्या वल्या लंगोटाला बगा, वासबी न्हाई. नुसतं पानी."

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उन्हाळा आहे." नवऱ्याला सांगितलं. त्याने तक्त्यात एक रकाना वाढवला, पण तो भरायचा कोणी हे ठरलं नाही. कोथरूडच्या डॉक्टरला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मॉमी, सहा महिने व्हायच्या आत पाणी देऊ नका हं." आणि मी स्वतः? मी मावशींचं बोलणं ऐकलं, पटलंही, आणि ठेवून दिलं. ज्या बाईने माझ्या लेकीला रोज अर्धा तास हातात धरून नीट पाहिलं होतं, तिच्या शब्दाला माझ्या लेखी भिंतीवरच्या जिराफाइतकीही किंमत नव्हती. बाकीच्यांची टिंगल करताना ही गोष्ट मी वगळत नाही.

सात महिने पूर्ण व्हायला आले होते. माझी सुट्टी संपून मी बँकेत जाऊ लागले होते आणि काउंटरवर बसून लोकांचे केवायसीचे कागद तपासत होते. एका दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या बाल्कनीचा फोटो आला. आमच्या सेक्रेटरींनी तो खालच्या पार्किंगमधून काढला होता. हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहेत. नोकरीतून माणूस निवृत्त होतो, खातं माणसातून निवृत्त होत नाही. फोटोवर लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं:

'सोसायटीच्या दर्शनी भागात कठड्यावर कपडे वाळत घालणे नियमबाह्य आहे, हे वारंवार सूचित करूनही सदर सभासदांकडून उल्लंघन सुरूच आहे. सोबतच्या छायाचित्रात एकूण ३४ नग दिसून येत आहेत. इमारतीचे विद्रूपीकरण त्वरित थांबवावे.'

त्याखाली अकरा अंगठे आले. अकरा! गणपतीच्या वर्गणीला कधी इतके आले नव्हते.

मी भडकले. काउंटरवरच्या ग्राहकाला 'एक मिनिट' म्हणून लिहिलं: 'मोजणीत चूक आहे. आतल्या दोरीवर आणखी आठ आहेत. कृपया वर येऊन खात्री करावी.' पाठवलं आणि बरं वाटलं. मग पुढच्या ग्राहकाचा अर्ज हातात घेतला आणि तो वाचताच येईना. चौतीस आणि आठ, बेचाळीस. धुणं रोज सकाळी होतं. म्हणजे हे बेचाळीस एका दिवसाचे होते. मी स्वतःच हा आकडा फुशारकीने लिहिला होता. चार महिने बाळ आणि लंगोट माझ्या डोळ्यांसमोर होते, पण मोजले ते सेक्रेटरींनी, तेही दंड लावण्यासाठी.

घरी फोन केला. मावशी अजून तिथेच होत्या. "कालच्या धुन्यानंतरचंच हाय समदं," त्या म्हणाल्या. "आज धुतलं, आज टाकलं."

मी आईला फोन केला. का केला ते सांगता येणार नाही. आईला सगळं एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या लहानपणीच्या डॉक्टरीणबाई अजून बसतात. सदाशिव पेठेत, सकाळी दहा ते बारा. उद्या घेऊन ये." मग तिला राहवलं नाही. "पातळ दुधाचं मी आपलं म्हटलं होतं. मनावर घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जण गेलो. मी, नवरा, सासूबाई, आई, बाळ, आणि मावशी. मावशींना मी हट्टाने नेलं. सासूबाई रिक्षात म्हणाल्या, "यांना कशाला? आपण आहोत की." मी म्हटलं, "आई, आपण होतोच."

डॉक्टरीणबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील. दवाखान्यात एक लाकडी बाक, एक वजनकाटा आणि भिंतीवर काहीही नाही. त्यांनी आमच्या घोळक्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"आजारी कोण आहे?"

"बाळ," मी म्हटलं.

"मग बाकीच्यांनी बसा."

सासूबाई बसता बसता सांगू लागल्या. "त्याचं असं आहे डॉक्टर, हिला दूध मुळातच कमी, आणि त्यात मोबाइल..."

"आपण जरा गप्प बसाल का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपलं वजन उत्तम आहे. मला हिचं बघू दे."

इतक्या वर्षांत सासूबाईंना मधेच तोडलेलं मी प्रथमच पाहिलं. मला आनंद झाला हे कबूल करते.

त्यांनी बाळाला पूर्ण उघडं केलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली; ती हळूहळू सपाट झाली. टाळूवर बोट ठेवलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत कितीतरी वेळ नुसता तिचा श्वास मोजला. नवऱ्याने लॅपटॉप उघडून आलेख पुढे केला. तो त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, "फार सुंदर काढलाय. तोंडातून काय जातंय, हे सगळं आहे यात. खालून काय जातंय, ते कुठे आहे?"

मी मोबाइल काढला आणि सेक्रेटरींचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. खालची नोटीसही वाचली.

"हे किती दिवसांचे?"

"एका दिवसाचे. आतले आठ वेगळे."

"आणि पाणी? पाणी पिते?"

मी मावशींकडे पाहिलं. मावशी बाकाच्या कडेला अवघडून बसल्या होत्या. "बाई, पान्यासाठी जीव टाकती," त्या म्हणाल्या. "दूध नको, पन पानी."

"हे कधीपासून दिसतंय तुम्हाला?"

"चवथ्या म्हैन्यापासनं."

डॉक्टरीणबाईंनी आम्हा शिकलेल्या चौघांकडे एकेक करून पाहिलं. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग बाळाची लघवी जमा केली. त्यासाठी वाट बघावी लागली नाही. त्यात त्यांनी कागदाची पट्टी बुडवली, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला, आणि चिठ्ठी लिहायला घेतली. "मोठ्या इस्पितळात जा. मुलांच्या किडनीचे डॉक्टर असतात, त्यांना ही चिठ्ठी द्या. रक्ताची एक तपासणी लिहिली आहे, ती आत्ता व्हायला हवी. आत्ता म्हणजे आज. घरी जाऊन जेवून नव्हे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दूध तुझं चांगलं असणार. ते कधी कोणी तपासलंय का इथे?"

मी रडले. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

इस्पितळात रक्त घ्यायला शीर सापडेना. ते सगळं मी लिहिणार नाही. दुपारपर्यंत निकाल आला. किडनीचे डॉक्टर तरुण होते, पण घाई नसलेले. त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की आपल्या शरीरात रोज थोडं आम्ल तयार होतं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. त्यासाठी किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये जणू पंप असतात. माझ्या लेकीचे हे पंप जन्मापासून चालत नव्हते. आम्ल रक्तात साचत होतं, पोटॅशियम आणि पाणी मात्र वाहून जात होतं. म्हणून तहान, म्हणून बेचाळीस लंगोट, म्हणून ओकारी, म्हणून शी कडक, म्हणून भरभर श्वास. आंबलेल्या अंगात हाडामांसाला वाढताच येत नाही. कितीही दूध पाजा, कोणाचंही पाजा. सोनोग्राफीत किडनीत चुन्याचे पांढरे ठिपकेही दिसले. "आजार दुर्मिळ आहे," ते म्हणाले, "पण औषध अगदी साधं आहे. आयुष्यभर घ्यावं लागेल, एवढंच."

"काय औषध?" नवऱ्याने विचारलं. त्याचा चेहरा असा होता की परदेशातून मागवायची तयारी आहे.

"एक पोटॅशियमचा क्षार असलेलं पातळ औषध. आणि सोडियम बायकार्बोनेट."

सासूबाईंनी मान वर केली. "बायकार्बोनेट म्हणजे सोडा? आपण ढोकळ्यात घालतो तो?"

"ढोबळमानाने, हो. पण मोजून, आणि आम्ही लिहून देऊ तोच. घरातला डबा उघडू नका."

सात महिने आम्ही त्या मुलीवर शतावरी, गुटी, अळीव, उशा, आलेख आणि दृष्ट काढण्याच्या मिरच्या यांचा मारा केला होता. तिला हवा होता सोडा. तो सगळा वेळ ओट्यावरच्या फडताळात होता.

आठ दिवस आम्ही इस्पितळात होतो. आधी सलाइनमधून पोटॅशियम, मग तोंडाने औषध. पाचव्या दिवशी तिचा श्वास सावकाश झाला. आधी मला ते कळलंच नाही, फक्त खोलीत काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. सातव्या दिवशी तिने दुधासाठी आकांत केला. दुधासाठी! मी पाजत होते आणि नर्स दारात उभी राहून म्हणत होती, "हळू, हळू, पळून नाही चाललंय ते." महिनाभराने वजनकाट्यावर पाच किलो सहाशे भरले. नवऱ्याने आलेख पाठवला. या वेळी मी तो जपून ठेवला.

औषध खारट आणि घाण होतं. दिवसातून चार वेळा द्यायचं. माझ्या हातून ती ते थुंकायची, नवऱ्याच्या हातून त्याच्या शर्टावर थुंकायची. फक्त सासूबाईंना जमलं. पस्तीस वर्षं सहावीच्या मुलांना व्याकरण गिळायला लावलेली बाई ती. सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडायच्या आणि नाक न दाबता, न ओरडता, नुसतं तिच्याकडे बघत राहायच्या. ती गिळायची.

दोन महिन्यांनी आम्हाला आनुवंशिकतेच्या समुपदेशनाला बोलावलं. सासूबाई स्वतःहून आल्या. मला त्यामागचं कारण ठाऊक होतं. 'आमच्या घराण्यात असलं काही नाही' हे वाक्य त्या घरात बऱ्याचदा म्हणाल्या होत्या, आणि ते आता कोणीतरी कागदावर लिहून द्यावं अशी त्यांची अपेक्षा होती.

समुपदेशक बाईंनी एक चित्र काढून दाखवलं. या आजाराचा दोष आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा दोन्हीकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर काही होत नाही. माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो आणि त्याला कळतही नाही.

"म्हणजे दोन्ही घराण्यांतून?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. निम्मं निम्मं."

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. पाहायची फार इच्छा होती. इतक्या दिवसांचं सगळं एका नजरेत काढता आलं असतं. पण त्यांनी पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, आणि आतून काहीच काढलं नाही. त्यामुळे मला जमलं नाही.

परतताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. नवरा तिथूनच ऑफिसला गेला. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला त्या एकदम म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांची एक बहीण होती. तिची तीन मुलं गेली. तिन्ही वर्षाच्या आत. नुसती सुकत जायची."

"कशाने?"

"कोणाला ठाऊक? तपासलं कोणी? सगळे म्हणायचे, हिचं दूध विषारी आहे. तिसऱ्या वेळेला तर बाळाला तिच्याजवळ द्यायचेच नाहीत. मग तिला माहेरी आणून सोडली. आमच्याकडेच असायची. माझ्या बाळंतपणात तिला माझ्या खोलीत यायची बंदी होती." त्या बाहेर बघत होत्या. "बंदी मीच घातली होती."

त्यांच्या नणंदेच्या मुलांना काय झालं होतं हे आज कोणीच सांगू शकणार नाही. हाच आजार असेल, नसेल. त्या काळी बाळं सुकून जायला शंभर कारणं होती. पण ती बाई विषारी दुधाची म्हणून जगली आणि तशीच मेली. मला कोथरूडच्या त्या हळू आवाजाच्या सल्लागार बाईची आठवण झाली. आवाज बदलला आहे, बाकी फार काही बदललेलं नाही.

मी म्हटलं, "आई, उतरल्यावर भाजी घ्यायची आहे ना?"

"घेऊ," त्या म्हणाल्या. "आणि अळीव नको."

माझी माफी त्यांनी कधी मागितली नाही. मात्र पुढच्या वेळी कोणी पाहुणीने सुस्कारा सोडून 'दूध पुरत नसेल' असं सुरू केलं, तेव्हा स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "दूध भरपूर होतं. अक्कल पुरत नव्हती, आमची." पाहुणीने चहाही मागितला नाही.

आता लेक चार वर्षांची आहे. वजन वयाच्या मानाने थोडं कमी, उंची बऱ्यापैकी, तोंड भलतंच मोठं. या आजारात काही मुलांचे कान जातात म्हणून दर वर्षी कानांची तपासणी होते. अजून तरी उत्तम ऐकू येतं, विशेषतः जे तिला ऐकायला सांगितलेलं नाही ते. औषध ती स्वतः कपातून पिते आणि प्रत्येक वेळी तेवढाच वेडावाकडा चेहरा करते. मावशी तिला अंघोळ घालायला येत नाहीत, पण रस्त्यात भेटल्या की उचलून वजन करतात आणि किलोत सांगतात. बहुतेक वेळा बरोबर निघतं.

अडचण आता वेगळीच झाली आहे. सासूबाई तज्ज्ञ झाल्या आहेत. सोसायटीत, नात्यात, हळदीकुंकवाला कुठेही बारीक मूल दिसलं की त्या त्याच्या आईला बाजूला घेतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "लंगोट किती?" गेल्या महिन्यात शेजारच्या विंगमधल्या एका घाबरट मुलीला त्यांनी इतकं पटवलं, की ती बिचारी आपलं पाच महिन्यांचं बाळ घेऊन त्यांच्याबरोबरच सदाशिव पेठेत गेली. डॉक्टरीणबाईंनी बाळ तपासलं, काट्यावर ठेवलं, परत आईच्या हातात दिलं.

"हिला काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "आई-बाप दोघं काडीसारखे आहेत, बाळ काय पैलवान होणार? दूध पाज आणि मजेत राहा."

"पण एकदा रक्ततपासणी..." सासूबाई म्हणाल्या.

"आपण पुन्हा आलात?"

सासूबाईंनी घरी येऊन आम्हाला हे सगळं सविस्तर सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "बाईंचं आता वय झालं."